आंबा बागेत सेन्सर: ऑक्टोबरात ऑटो मोड बंद करा, आणि बाकीच्या प्रश्नांची उत्तरं

नमस्कार मंडळी. शेतातला ओलावा आणि हवामान मोजणाऱ्या सेन्सरबद्दल बरेच प्रश्न आलेत, राजापूर देवगडकडून आंब्याचे, गुहागरच्या आगरातून सुपारीचे, पेणच्या खारपट्ट्यातून भाताचे. सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो, कारण एकाचं उत्तर दुसऱ्यालाही लागू पडतंय.

राजापूरच्या एका दादांनी विचारलंय की कातळावर हापूसची बाग आहे, ड्रिप आहे, ओलाव्याचा सेन्सर बसवलाय, पण कितीही पाणी दिलं तरी मोबाईलवर आकडा वरच जात नाही, सेन्सर खराब निघाला का. दादा, सेन्सरला दोष देण्याआधी तो बसवलाय कसा ते बघा. आपली जांभ्याची जमीन खड्याखड्यांची, त्यात सेन्सरच्या काड्या नुसत्या दाबून घुसवल्या की आजूबाजूला पोकळी राहते आणि सेन्सर मातीऐवजी हवा मोजतो, मग आकडा कमीच दाखवणार. तो उपटा, त्याच खड्ड्यातली माती चाळून खडे बाजूला काढा, पाण्यात कालवून चिखल करा आणि तो चिखल सेन्सरभोवती दाबून बसवा. जागा पण बघा. कातळ फोडून बाहेरची माती भरून कलम लावलंय ना, तर त्या भरावाच्या मातीत, ड्रिपचं पाणी पडतं तिथे, एक सेन्सर ३० सेंटिमीटरवर आणि जमलं तर दुसरा ६० वर. खालच्याचा आकडा चढायला लागला की पाणी मुळांच्या खाली चाललंय, पंप बंद करा. आणि कंपनीने दिलेल्या टक्क्यांवर जाऊ नका. पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी जो आकडा दिसेल तो तुमच्या मातीचा भरलेला आकडा आणि मे महिन्यात पाणी न दिलेल्या जागेचा तो रिकामा, हे दोन लिहून ठेवा, मधलं सगळं त्यावरून कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुणीच विचारलेलं नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. बऱ्याच जणांच्या कंट्रोलरला ऑटो मोड असतो, ओलावा ठरलेल्या आकड्याखाली गेला की पंप आपोआप चालू. हा मोड आंब्याला पाऊस संपल्यापासून मोहोर फुटून कणी, म्हणजे बारीक फळ, धरेपर्यंत कृपा करून बंद ठेवा. ऑक्टोबर नोव्हेंबरात माती सुकणार, सेन्सर बोंबलणार, पंप चालू होणार आणि कलम मोहोर काढायच्या ऐवजी पालवी काढून बसणार. हापूसला त्या दिवसांत पाण्याचा ताण हवाच असतो, त्यावर रात्रीची थंडी मिळाली की मोहोर येतो. मशीनला हे माहीत नाही, त्याला सुकी माती म्हणजे तहान एवढंच कळतं, आणि ॲपमध्ये पीक आंबा निवडलं तरी विश्वास ठेवू नका, सेटिंग स्वतः उघडून बघा. पाणी द्यायचं ते कणी धरल्यावर. फळ वाटाण्याएवढं झालं की अंड्याएवढं होईपर्यंत झाडाला १५० ते २०० लिटर, १५ दिवसांच्या अंतराने तीन चार वेळा, याने फळगळ कमी होते, ही दापोलीच्या आपल्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. काढणीच्या महिनाभर आधी परत बंद.

गुहागरच्या ताईंचा प्रश्न होता की मग सुपारीला पण ऑटो नको का. ताई, तुमचं उलटं आहे. आगरातली पुळणीची, म्हणजे रेताड, माती पाणी धरत नाही, सुपारीला ताण अजिबात चालत नाही, तिथे पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत ऑटो मोड मस्त काम करतो. फक्त विहिरीत पाणी किती आहे ते बघणारा फ्लोट पण जोडा, नाहीतर एप्रिलमध्ये पंप कोरडा फिरून जळेल.

देवगडच्या दोघा भावांनी विचारलंय की पैसे एकाच सेन्सरपुरते आहेत, कुठला घेऊ. आंब्याला माझ्या मते ओलाव्याच्या आधी तापमान, आर्द्रता आणि पान किती वेळ ओलं राहिलं हे मोजणारा घ्या. आपला खर्च पाण्यापेक्षा फवारणीवर जास्त होतो, औषध, गडी, डिझेल सगळं धरून बघा. पण करपा आणि भुरी हे दोन रोग वेगळे ओळखा. करप्याला ओल लागते, अवेळी पाऊस पडला किंवा दव पडून पान मोहोर बराच वेळ ओला राहिला की तो पसरतो, तिथे पानाच्या ओलीचा सेन्सर खरा उपयोगी. भुरीचं तसं नाही, तिच्या बीजाणूंना पानावर पाणी लागतच नाही, रात्र थंड, दिवसा ऊन आणि हवा दमट एवढ्यावर ती मोहोर खाते. म्हणजे ओलीचा सेन्सर कोरडा दाखवत असेल म्हणून भुरी नाही असं समजू नका, तिच्यासाठी रात्रीचं तापमान आणि आर्द्रता बघा. ओलीची पट्टी कलमाच्या आत फांदीवर, ४५ अंश तिरकी, तोंड उत्तरेला. तापमानाचा सेन्सर पांढऱ्या जाळीच्या डब्यात, जांभ्याच्या गडग्यापासून (दगडी कुंपणापासून) आणि पत्र्यापासून लांब, गडगा दुपारी तापला की आकडा फसवा येतो.

मोबाईलवर रोगाचा अलर्ट आला म्हणून लगेच फवारणीचा पंप पाठीवर घेऊ नका. आधी बागेत जा, चार पाच कलमांचे मोहोर हाताने पांढऱ्या कागदावर हलकेच आपटा, कागदावर तिरके पळणारे तुडतुडे आणि बारीक फुलकिडे दिसतात ते मोजा, मोहोराच्या दांड्यावर पांढरी पिठासारखी बुरशी आहे का बघा. भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक ८० टक्के, १० लिटरला २० ग्रॅम, पण कडक उन्हात नको. फुलं पूर्ण उमललेली असतील तर फवारणी टाळा, माश्या मेल्या तर फळ कोण धरवणार. शेजारच्या बागा एकाच उंचीवर असतील तर तीन चार जणांत एक हवामान स्टेशन चालतं. खलाटी, म्हणजे खालची सखल जमीन, आणि वरचा कातळ यांच्यात मात्र रात्रीचा फरक पडतो, तिथे एकात भागत नाही.

पेणच्या काकांनी खारजमिनीत ओलावा कायम जास्त का दिसतो विचारलंय. काका, मिठामुळे. आपल्याकडे मिळणारे बरेचसे साधे सेन्सर क्षारांमुळे फसतात आणि ओल आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. तुम्हाला ओलाव्यापेक्षा क्षार मोजायची गरज आहे, खिशात मावणारा ईसी मीटर (वीज किती वाहते त्यावरून क्षार सांगणारा) घेतला तरी पुरे. मातीचा ईसी ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर म्हणजे जमीन खारवट. पहिल्या पावसाचं पाणी शेतात कोंडून उघाडीतून, म्हणजे बांधाच्या दारातून, सोडून द्या, परत मोजा, आकडा उतरल्यावरच लावणी, आणि बियाणं पनवेल १, २, ३ सारखं खाऱ्यात टिकणारं.

रेंज नाही म्हणणाऱ्यांनी लोरा, म्हणजे लांबवर रेडिओने आकडे पाठवणारा सेन्सर, घ्या, सिम फक्त घराजवळच्या गेटवेला लागतं, पण मध्ये डोंगर असेल तर घेण्याआधी कंपनीच्या माणसाला प्रत्यक्ष चालवून दाखवायला लावा. जुलै ऑगस्टच्या मळभात सोलर बॅटरी भरत नाही तेव्हा रीडिंग पाच मिनिटांऐवजी तासाने ठेवा. वायर पाईपातूनच न्या, माकडं आणि उंदीर सोडत नाहीत. जोडांना ग्रीस लावा, खारी हवा पितळ खाते. वीज कडाडायच्या आधीच कंट्रोलरची पिन काढा, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप आधी सांगतं.

शेवटचा प्रश्न फळपीक विम्याचा, आपल्या सेन्सरचा आकडा चालेल का. नाही चालत. हवामानावर आधारित विम्यात तुमच्या महसूल मंडळाला ठरवून दिलेल्या हवामान केंद्राचाच आकडा धरतात. पण तुमचे आकडे तारखेसह जपून ठेवा, आणि मंडळाचं केंद्र झाडीत दबलंय किंवा बंद पडलंय असं दिसलं तर फोटो काढून गावातल्या चार जणांच्या सह्यांनी तालुका कृषी कार्यालयात अर्ज द्या, हे नुकसान व्हायच्या आधी, मोहोर यायच्या आत करा.