तारांगणात लहानग्यांना नेताना

प्रश्न : मुलगी साडेपाच वर्षांची आहे. तिला वरळीच्या नेहरू तारांगणात न्यायचंय, पण ती अंधाराला घाबरते. काय तयारी करावी? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी खेळाची भाषा पाहा. तिथे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत वेगवेगळ्या वेळी खेळ होतात. भाषा कळली नाही, तर अंधारच तेवढा जाणवत राहतो. सोमवारी तारांगण बंद असतं.

अंधाराची सवय घरीच करा. रात्री दिवे मालवून १० मिनिटं तिच्याजवळ बसा. आधी काहीच दिसत नाही, मग हळूहळू खिडकीचे गज, कपाटाची कड दिसू लागते. डोळे पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. म्हणूनच खेळात मोबाइल अजिबात उघडू नका. सराव मोडतो आणि घुमटावर उजेड पसरून पुसट तारे दिसेनासे होतात.

शक्यतो मागची, वाटेलगतची खुर्ची धरा. घुमटावरचं दृश्य वेगाने फिरलं की डोळ्यांना हालचाल जाणवते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला नाही, त्यातून मळमळतं. अशा वेळी तिला क्षणभर डोळे मिटायला सांगा. भरपेट खाऊ घालून लगेच नेऊ नका.

नंतर गच्चीवरून ध्रुवतारा जरूर शोधा. ठाण्या-मुंबईत तो उत्तर क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर असतो. हात ताणून धरलेली मूठ साधारण १० अंशांची, म्हणजे जवळजवळ दोन मुठी. तिच्या हातानेही हेच माप येतं, कारण मूठ लहान तसा हातही आखूड.