गुडघ्यांच्या हिशेबाने युरोप

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

निवृत्तीनंतरच्या लांब युरोप प्रवासाबद्दल जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. सारख्या प्रश्नांना एकच उत्तर दिले आहे.

माझे वय ६८, पत्नीचे ६४. टूर कंपनीबरोबर न जाता आम्हाला तीन आठवडे स्वतःच फिरायचे आहे. पॅरिस, अॅमस्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना, लुसर्न, व्हेनिस आणि रोम अशी यादी केली आहे. जमेल का? (जळगाव)

यादी अर्धी करा. मुक्काम हलवला की एक दिवस हातचा जातो. हॉटेल सकाळी दहा-अकराला सोडावे लागते, पुढची खोली दुपारी तीनच्या सुमारास मिळते आणि मधला सगळा वेळ बॅगा सांभाळण्यात जातो. सात गावे म्हणजे सहा दिवस नुसते बांधाबांधीत. शिवाय थकवा साठत जातो. पहिल्या आठवड्यात तो कळत नाही, बाराव्या-तेराव्या दिवशी पाय सुजतात आणि पुढची आगाऊ काढलेली तिकिटे वाया जातात.

आमच्या मते चार मुक्काम पुरेत: पॅरिस ५ रात्री, स्वित्झर्लंडमधले लुसर्न ६, इटलीतले फ्लॉरेन्स ४ आणि रोम ५. पॅरिसच्या गार द ल्याँ स्थानकातून झुरिकला थेट गाडी आहे, साधारण चार तासांची. झुरिकहून लुसर्न पाऊण-एक तासावर. लुसर्नहून मिलानमार्गे फ्लॉरेन्स हा सर्वांत लांब टप्पा, त्या दिवशी दुसरे काही ठेवू नका. फ्लॉरेन्सहून रोम दीड तास. विमानाचे तिकीट काढताना ‘मल्टी-सिटी’ निवडा: जाताना मुंबई–पॅरिस, येताना रोम–मुंबई. म्हणजे पॅरिसला परत जाण्याचा खर्च आणि दगदग वाचते.

एवढ्या थोड्या प्रवासांसाठी युरेल पास (अनेक युरोपीय देशांच्या रेल्वेत चालणारा एकच पास) घेऊ नका. साठीपुढच्यांना त्यात सवलत आहे हे खरे. पण फ्रान्स आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आसनाचे आरक्षण वेगळे पैसे भरून करावे लागते. सुटी तिकिटे दोन-तीन महिने आधी काढली तर बहुधा स्वस्तच पडतात. स्वित्झर्लंडमध्ये मात्र स्विस ट्रॅव्हल पासचा हिशेब जरूर करून बघा, कारण त्यात रेल्वे, बस, तळ्यातल्या बोटी आणि अनेक संग्रहालये येतात.

दोन दिवस फिरलात की तिसरा दिवस मोकळा ठेवा. तिकिटे काढण्याआधी सुट्ट्यांचे वार पाहा: पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, फ्लॉरेन्सचे उफिझी संग्रहालय सोमवारी, आणि व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद.

महिना मे किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडेही कडक ऊन पडते आणि बऱ्याच जुन्या हॉटेलांत एसी नसतो. आपल्या भागातला माणूस ४५ अंश सोसतो, पण तो दुपारी घरात असतो, रांगेत उभा नसतो.

आई-बाबा शेतकरी आहेत, केळी आणि कापूस. आयकर रिटर्न कधी भरलेले नाही. व्हिसा मिळेल का? वरच्यासारखा प्रवास असेल तर अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? (रावेर)

दुसरा प्रश्न आधी, कारण इथेच गफलत होते. शेंगेन व्हिसाचा (बहुतेक युरोपीय देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे करायचा. पहिले पाऊल कुठे पडते, हे मुक्काम सारखे असतील तेव्हाच पाहतात. वरच्या आखणीत विमान पॅरिसला उतरत असले तरी इटलीत ९ रात्री होतात, म्हणून अर्ज इटलीकडे. लंडन जोडायचे असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा.

रिटर्न नसणे म्हणजे नकार नव्हे, मात्र उत्पन्न कागदावर दिसले पाहिजे. सातबारा, ८-अ, व्यापाऱ्याच्या किंवा जिनिंगच्या पट्ट्या, आणि ते पैसे जमा झालेले बँकेचे सहा महिन्यांचे शिक्का मारलेले स्टेटमेंट, असा साखळीसारखा संच लावा. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर जोडा. सर्वांत घातक चूक म्हणजे अर्जाच्या आठवडाभर आधी नातेवाइकांकडून चार-पाच लाख खात्यात आणून ठेवणे. अधिकाऱ्याला ती रक्कम कुठून आली हे दिसत नाही आणि संशय बळावतो. मुलगा खर्च करणार असेल तर तसे सरळ लिहा. त्याचे रिटर्न, पगारपत्रक आणि नाते दाखवणारा कागद जोडा. दोघांच्या पासपोर्टवरची नावे आणि जन्मतारखा सातबारा, आधार आणि बँकेशी जुळतात का, हे सर्वांत आधी बघा. आपल्याकडे जुन्या माणसांच्या कागदांत हा घोळ हमखास निघतो.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि दोन पाने कोरी हवीत. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत जाऊ शकतात. मे महिन्यासाठी जानेवारीतच मुंबईच्या व्हिसा अर्ज केंद्रातली वेळ घ्या. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, केंद्राचे शुल्क वेगळे, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. म्हणून तोवर हॉटेले रद्द करता येतील अशीच घ्या.

बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही जावे लागेल. शेतात राबलेल्या हातांचे ठसे पुसट उमटतात. आठ दिवस आधीपासून रात्री बोटांना व्हॅसलीन चोळून ठेवावे आणि त्या आठवड्यात मेंदी लावू नये.

मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. विमा आणि औषधांचे काय करावे? (धुळे)

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तेवढी अट पुरी करणारी स्वस्त पॉलिसी घेऊन थांबू नका. अशा बऱ्याच पॉलिसींत जुने आजार वगळलेले असतात. तुमच्या बाबतीत नेमका तोच धोका आहे. ‘जुन्या आजारामुळे जिवावर बेतले तर उपचार मिळतील का, आणि किती रकमेपर्यंत’ हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. अर्जात अँजिओप्लास्टी लपवू नका. लपवलेली गोष्ट दावा नाकारायला पुरते.

इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा. सामानाच्या कक्षात ते गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा दहा दिवसांची जास्त घ्या आणि दोघांच्या हातबॅगांत वाटून ठेवा. डॉक्टरांकडून कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधांची नावे असलेली टाइप केलेली चिठ्ठी घ्या. तिकडच्या दुकानात आपली ब्रँडनावे कळत नाहीत आणि चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देत नाहीत.

उन्हाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते. म्हणजे जाताना दिवस २७–२८ तासांचा होतो. त्या दिवशीचा डोस कसा घ्यायचा, हे डॉक्टरांकडून तारीख-वेळ घालून कागदावर लिहून घ्या.

स्वित्झर्लंडमधले युंगफ्राउयोख हे डोंगरावरचे रेल्वे स्थानक ३,४५४ मीटरवर आहे, तिथे हवा विरळ असते. हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. लुसर्नहून बोटीने फित्झनाउ आणि तिथून दात्यांच्या रुळावरून चढणाऱ्या रेल्वेने रिगी डोंगर हा पर्याय कितीतरी सौम्य आहे. शिखराची उंची १,७९८ मीटर, बर्फाच्या रांगा समोर दिसतात आणि १८७१ सालची ती रेल्वेच बघण्यासारखी आहे. स्विस पासमध्ये ती येते. तातडीच्या मदतीसाठी सगळीकडे ११२.

आईचे गुडघे दुखतात. जिने किती चढावे लागतील? (भुसावळ)

भरपूर, आणि नको तिथे. पॅरिसच्या मेट्रोत १४ क्रमांकाची मार्गिका सोडली तर बहुतेक ठिकाणी जिने आहेत, म्हणून तिथे बसने फिरा. हॉटेल घेताना ‘लिफ्ट आहे का’ एवढेच विचारू नका. ‘रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या आहेत का’ हेही विचारा. तिकडे आपला तळमजला ‘शून्य’ असतो, त्यावरचा पहिला.

विमानतळावरची व्हीलचेअर मोफत असते. विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवा. रेल्वे स्थानकावरची मदत किमान २४ तास आधी मागावी लागते. हमाल मिळत नाहीत आणि मधल्या स्थानकांवर गाडी दोन-चार मिनिटेच थांबते. त्यामुळे माणशी एकच चार चाकांची बॅग, १२ किलोपर्यंत. आईला स्वतःची बॅग तीन पायऱ्या चढवता येते का, हे घरीच करून बघा. रोम आणि फ्लॉरेन्सचे रस्ते दगडी आहेत. नवे बूट निघायच्या महिनाभर आधीपासून रोज घालून चालायला लावा.

सार्वजनिक स्वच्छतागृहांना बहुधा पैसे पडतात, तेव्हा खिशात युरोची नाणी असू द्या. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेत असतील तर फिरायच्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

खायला काय काय नेता येईल? (यावल)

दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर घरीच ठेवा. शेंगदाण्याची चटणी, उडदाचे पापड, बिबडे, भाजणी, केळीचे वेफर्स चालतात. तेलातला ठेचा घट्ट बांधून मोठ्या बॅगेत. ताज्या फळांना प्रमाणपत्र लागते, मात्र केळी त्यातून वगळलेली आहेत, तेव्हा वाटेसाठी चार केळी असू द्यायला हरकत नाही.

हॉटेलच्या खोलीत शिजवायला मनाई असते. लुसर्नला सहा रात्री राहणार असाल तर स्वयंपाकघर असलेले घर घ्या. मात्र मिरचीची फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, फक्त आपली जाड तीन पिनांची प्लग बसत नाही. अॅडॉप्टर घ्या, स्वित्झर्लंडसाठी वेगळा.

रोख किती न्यावी? (शहादा)

थोडी, बाकी फॉरेक्स कार्डवर (आधी परकी चलन भरून घ्यायचे कार्ड). दुकानातल्या कार्डाच्या यंत्राने किंवा एटीएमने ‘रुपयांत की युरोत’ विचारले तर युरोच निवडा, रुपये निवडले की दर वाईट लागतो. स्वित्झर्लंडचे चलन फ्रँक आहे. टूर पॅकेजवर कापलेला टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर) रिटर्न भरूनच परत मागता येतो, एरवी रिटर्न भरत नसाल तरी त्या वर्षी भरा.

विमान १२ तारखेला पहाटे २ वाजता आहे. १२ तारखेला सकाळी अमळनेरहून निघालो तर? (अमळनेर)

विमान गेलेले असेल. १२ तारखेची पहाट म्हणजे ११ तारखेची रात्र. ११ ला रात्री दहापर्यंत विमानतळावर पोहोचायला हवे. ज्येष्ठांनी १० तारखेच्या रात्रीच्या गाडीने जळगाव किंवा भुसावळहून निघावे आणि ११ चा दिवस मुंबईत झोप काढून घालवावा. रेल्वेचे तिकीट १० तारखेचे काढा.