पाळी लांबली, तर तारीख कोठून मोजायची?

प्रश्न : डॉक्टरताई, सादर नमस्कार. मी २३ वर्षांची असून पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. दीड वर्षापासून माझी पाळी अनियमित झाली आहे; कधी चाळीस दिवसांनी येते, तर कधी दोन महिने उलटतात. याच काळात वजन आठ किलोंनी वाढले आणि हनुवटीवर राठ केस येऊ लागले. मागची पाळी सुरू होऊन आज ४७ दिवस झाले. पाळीच्या सतराव्या दिवशी मित्राशी एकदा शरीरसंबंध आला. त्या वेळी निरोध फाटला, म्हणून दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून तातडीची गर्भनिरोधक गोळी आणून घेतली. संबंधानंतर बाराव्या दिवशी लघवीची चाचणी केली, ती नकारात्मक आली. तरीही आठवडाभर ओटीपोट जड वाटते, पोट फुगते, भूक लागत नाही. आपण गरोदर तर नाही ना, या विचाराने अभ्यासिकेत बसवत नाही. मी अविवाहित असल्यामुळे दवाखान्यात जायची भीती वाटते. ‘पाळी येण्याच्या गोळ्या घे,’ असे मैत्रीण सांगते. मी काय करावे?

उत्तर : पत्र वाचताना मी तुमच्या तारखा कागदावर मांडल्या, कारण तुमच्या काळजीचे निम्मे उत्तर त्यांतच आहे. ज्यांची पाळी ठरल्या वेळी येते, त्यांना पाळी चुकली की लगेच कळते. तुमच्याकडे मात्र पाळीची नेमकी तारीखच नसते, त्यामुळे ४७ हा आकडा तुम्हाला काहीच सांगत नाही. अशा वेळी शेवटच्या संबंधाच्या तारखेपासून दिवस मोजावेत. त्या हिशेबाने तुम्हाला आज ३० दिवस झाले आहेत.

बाराव्या दिवशीची चाचणी फार लवकर झाली. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. गर्भधारणा झालीच, तर त्यानंतर गर्भ गर्भाशयात रुजायला आणखी आठवडा किंवा त्याहून थोडा अधिक काळ लागतो, आणि चाचणीत जे संप्रेरक शोधले जाते ते रुजल्यानंतरच वाढू लागते. म्हणून संबंधानंतर २१ दिवस उलटल्यावर केलेल्या चाचणीवरच विसंबावे. तुम्ही ती उद्या सकाळी, उठल्यावरच्या पहिल्या लघवीवर करा. पाकिटावर दिलेल्या वेळेतच पट्टी वाचा; बराच वेळ ठेवलेल्या पट्टीवर उमटलेली फिकट रेघ धरू नका आणि नियंत्रणाची (‘C’ अक्षराजवळची) रेघच आली नाही, तर ती पट्टी बाद समजा. एवढ्या दिवसांनंतर चाचणी नकारात्मक आली आणि मधल्या काळात पुन्हा संबंध आला नसेल, तर गरोदरपणाची शंका मनातून काढून टाकायला हरकत नाही. तरीही पाळी आली नाही, तर आठवड्याने एकदा पुन्हा तपासा. चाचणीची पट्टी मेडिकलमध्ये मिळतेच. ‘निश्चय’ नावाची सरकारी पट्टी आशाताईंकडे आणि उपकेंद्रात विनामूल्य असते.

तातडीची गोळी तुम्ही दुसऱ्याच दिवशी घेतलीत, हे योग्य केलेत. ती ७२ तासांच्या आत, आणि त्यातही जितक्या लवकर घ्यावी तितकी अधिक उपयोगी पडते. ती मुख्यतः स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते, आणि म्हणून पुढची पाळी आठवडाभर मागेपुढे होऊ शकते. तिच्यामुळे पुढे मूल होत नाही, ही समजूत निराधार आहे. मात्र आधीच रुजलेला गर्भ तिने पडत नाही.

आता पोटाबद्दल. जडपणा, फुगारा आणि मंदावलेली भूक यांमागे लांबलेली पाळी, बद्धकोष्ठता, अवेळी जेवण किंवा काळजी यांपैकी काहीही असू शकते. लघवीला जळजळ होत असेल, तर मूत्रमार्गाचा संसर्गही असू शकतो. यासाठी दोन-चार दिवसांत डॉक्टरांना भेटलात तरी चालेल. परंतु ओटीपोटाच्या एकाच बाजूला तीव्र कळ येणे, चक्कर येऊन पडणे, खांद्याच्या टोकाशी दुखणे, यांच्या जोडीला थोडा रक्तस्राव असणे किंवा नसणे, अशी लक्षणे दिसली तर एक तासही थांबू नका. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत रुजला असेल आणि नलिका फुटली, तर पोटात रक्तस्राव होऊन जीव धोक्यात येतो. त्या वेळी रात्र आहे की दिवस, घरच्यांना काय सांगायचे, हे काहीही न पाहता १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. ताप आणि दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे असेल, तरीही त्याच दिवशी तपासून घ्यावे.

मैत्रिणीचा सल्ला मात्र ऐकू नका. पाळी आणणाऱ्या गोळ्यांनी गर्भ पडत नाही, आणि चाचणीआधी त्या घेतल्या तर निदान आणखी लांबते. पपई, तीळगूळ, ओव्याचा काढा यांवर दिवस घालवणे म्हणजे तपासणीचा वेळ दवडणे होय. गर्भपाताच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून घेणे तर अत्यंत धोक्याचे आहे. गर्भ नलिकेत असेल, तर त्या निरुपयोगी ठरतात आणि रक्तस्राव झाल्याने सारे संपले, असा खोटा दिलासा मिळतो.

चाचणी सकारात्मक आलीच, तर काय, याचीही माहिती तुमच्याकडे असावी. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आणि त्यातील २०२१ ची दुरुस्ती यांनुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, आणि गर्भनिरोधक साधन निकामी ठरणे हे कारण अविवाहित स्त्रीलाही लागू आहे. १८ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरते. आईवडिलांची किंवा मित्राची सही लागत नाही. तुमची ओळख उघड न करण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे. नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांचा मार्गही असतो, म्हणून निर्णय काहीही असो, भेट लांबवू नये.

दवाखान्याच्या भीतीबद्दल मला मनापासून लिहायचे आहे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी मुलीला ‘लग्न झालंय का?’ असे विचारतात आणि मुलगी ‘नाही’ म्हणते. तेवढ्यावर गरोदरपणाची शक्यता बाजूला पडते आणि पोटदुखीवर भलतेच उपचार सुरू होतात. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. डॉक्टरांनी संबंध आला आहे का, एवढेच विचारायला हवे. त्यांनी तसे विचारले नाही, तरी तुम्ही आपणहून ‘माझा संबंध आला आहे, तो अमुक तारखेला, गोळी अमुक दिवशी घेतली’ असे एका वाक्यात सांगा. एकदा संकोच बाजूला ठेवलात की पुढची तपासणी सरळ होते. डॉक्टरांचे वागणे अपमानकारक वाटले, तर दुसरे डॉक्टर गाठा, पण तपासणी सोडू नका.

आणि चाचणी नकारात्मक आली म्हणून दीड वर्षाची अनियमितता विसरू नका. लांबलेली पाळी, वाढलेले वजन आणि हनुवटीवरचे राठ केस ही तिन्ही एकत्र पाहिली, की पीसीओएसची, म्हणजे संप्रेरकांचे संतुलन बिघडून स्त्रीबीज वेळेवर बाहेर न पडण्याच्या विकाराची, शंका येते. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांच्या रक्तचाचण्या आणि पोटावरून सोनोग्राफी करून स्त्रीरोगतज्ज्ञ निदान करतील. सोनोग्राफीच्या अहवालात ‘गाठी’ असा उल्लेख दिसला, तर घाबरू नका. त्या बहुधा अर्धवट वाढून थांबलेल्या स्त्रीबीजांच्या छोट्या पिशव्या असतात. ठरल्या वेळी जेवण, झोप आणि रोजचा व्यायाम यांनी थोडे वजन उतरले, तरी पुष्कळ जणींची पाळी सुधारते. तीन-तीन महिने पाळी न येणे मात्र अंगावर काढू नये. गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि त्याला उपचार लागतो.

प्रश्न : माझे बाळ आठ महिन्यांचे आहे, अंगावर पिते, वरचे अन्नही खाते. बाळंतपणानंतर पाळी आलेलीच नाही. हल्ली मळमळते आणि पोट दुखते. अंगावर पाजत असताना दिवस राहत नाहीत, असे सासूबाई म्हणतात. ते खरे आहे का?

उत्तर : सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते तीन अटींवर : बाळ सहा महिन्यांच्या आतील असावे, त्याला दिवसरात्र केवळ आईचे दूध मिळत असावे आणि पाळी परत आलेली नसावी. तुमच्या बाबतीत पहिल्या दोन अटी उरलेल्या नाहीत. बाळंतपणानंतरचे पहिले स्त्रीबीज पहिल्या पाळीच्या आधीही बाहेर पडू शकते, त्यामुळे एकही पाळी न येता दिवस राहू शकतात. आधी चाचणी करा आणि पोटदुखी डॉक्टरांना दाखवा. चाचणी नकारात्मक आली, तर गर्भनिरोधनासाठी ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळी किंवा तांबी यांपैकी काय सोयीचे, ते सरकारी आरोग्य केंद्रात विचारा. अंगावर पाजत असतानाही ही साधने चालतात.