कपाट मोकळं, मन नाही

प्रश्न : वर्षभर आम्ही खरेदीला कात्री लावली आहे. कपडे, शोभेच्या वस्तू, बरंचसं देऊन टाकलं. पैसे उरतात, घर सुटसुटीत दिसतं. पण आधीपेक्षा सुखी झालो असं काही वाटत नाही. ह्यांचं म्हणणं, अजून सामान काढायला हवं. आमचं कुठे चुकतंय?

उत्तर : यजमानांना आधी जरा थांबवा.

मला फोटोग्राफीचा नाद. एक कॅमेरा, एक लेन्स होती तेव्हा पहाटे उठून बाहेर पडायचो. पगार वाढत गेला तशा लेन्स पाच झाल्या. दमट हवेत काचेला बुरशी धरते, म्हणून हवाबंद डबा आला, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, त्या अधूनमधून तापवून वाळवायच्या. शिवाय निघताना कोणती लेन्स न्यायची हा घोळ. घोळ मिटेस्तोवर ऊन वर आलेलं असे.

शेवटी तीन विकायला काढल्या. माझी किंमत ऐकून गिऱ्हाईक हसलं. पण मी एकटाच वेडा नाही. काहनमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी १९९० साली प्रयोग छापला होता : कॉफीचा साधा मग फुकट मिळालेले लोक तो विकायला जी किंमत मागत, ती असा मग न मिळालेले लोक त्यासाठी जी किंमत देऊ करत तिच्या साधारण दुप्पट होती. आपली झाली की वस्तू महागते.

विकल्यावर सुख झालं? महिनाभर, हो. मग मोकळ्या कपाटाचीही सवय झाली. मानसशास्त्रज्ञ ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली लॉटरी लागलेल्या २२ जणांना विचारलं होतं, तर तेसुद्धा इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. आल्याचा आनंद ओसरतो, तसा टाकल्याचाही ओसरतो. (ज्यांना पुरेसंच मिळत नाही त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना ‘कमी करा’ सांगायला जीभ रेटू नये.)

मला टिकाऊ फरक पडला तो पहाट परत मिळाल्यामुळे. तुमच्या पत्रात पैसे आहेत, कपाटं आहेत. वाचलेल्या वेळाचं काय केलंत, याचा एक शब्द नाही. तो पुढे काय काढायचं हे ठरवण्यात जात असेल, तर घरात अजून सामानाचंच राज्य आहे. येत्या रविवारी कपाट उघडू नका. दोघं मिळून पूर्वी काय करत होतात आणि ते कधी सुटलं, एवढं आठवा आणि मला कळवा.

माझ्याकडे दोन लेन्स उरल्यात. एकीने फोटो काढतो. दुसरीसाठी अजून पुड्या वाळवतो.