सरकारी राखीव रानात मका-सोयाबीन का पेरतात, आणि त्यानं हरणांच्या शिकारीचं काय होतं?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकेत मिझुरी राज्यात नुकतेच राहायला आलात, शिकारीचा परवाना काढला आणि सरकारी संवर्धन क्षेत्रात गेलात, तर झाडीच्या मधोमध कुणाचा तरी मका आणि सोयाबीन उभं. सरकारी जमिनीवर खाजगी शेतकरी कसा, आणि त्यानं शिकार सोपी होते की बिघडते?

मी वाशीम जिल्ह्यातला. गेली बरीच वर्षं मध्य मिझुरीत राहतो आणि उत्तरेकडच्या सरकारी रानात शिकार करतो. माझं मत आधी सांगतो. या पिकांमुळे हरणांची संख्या फारशी हलत नाही. हरीण कोणत्या आठवड्यात कुठे असेल, ते मात्र पीक ठरवतं. त्यामुळे शिकाऱ्याला पिकाचं वेळापत्रक कळलं तर फायदा, नाही कळलं तर हंगाम वाया.

शेती होते ती मक्त्यानं. मिझुरीतली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे, आणि उरलेल्यातली संवर्धन खात्याकडची पुष्कळशी जमीन पूर्वी कुणाची तरी शेतीच होती. ती नुसती सोडून दिली तर तिचं रान होत नाही. दहा-पंधरा वर्षांत लाल सिडार नावाचं झाड माजतं, बाकी जागा फेस्क्यू नावाचं बाहेरून आणलेलं गवत घेतं. ते इतकं दाट गालिच्यासारखं वाढतं की त्यातून लाव्हरीचं पिल्लूसुद्धा चालू शकत नाही. जमीन मोकळी ठेवायला नांगर, फवारणी, माणसं लागतात. खात्याकडे तेवढे हात नाहीत, म्हणून आसपासच्या शेतकऱ्यांकडून बोली मागवून जमीन वाहायला देतात. मोबदल्यात कुठे रोख मक्ता, कुठे पिकाचा काही हिस्सा उभा सोडायचा, म्हणजे आपल्याकडची बटईच, फक्त वाटेकरी रानातली जनावरं. कोणतं पीक, कोणती फवारणी, झाडीपासून किती अंतर सोडायचं, या अटी प्रत्येक क्षेत्राच्या वेगळ्या. पुष्कळदा शेती हा मधला टप्पाच असतो. दोन-तीन वर्षं सोयाबीन घेऊन फेस्क्यूचा नायनाट करायचा आणि मग तिथे प्रेअरीचं, म्हणजे इथल्या माळरानाचं मूळचं उंच गवत पेरायचं.

पहिल्यांदा जानेवारीत बर्फात उभा सोडलेला मका पाहिला तेव्हा माझ्या पोटात कालवलं. आमच्याकडे बाबा सोंगणीपर्यंत रोज रात्री जागलीला जायचे. रोही आणि हरणांचा कळप एका रात्रीत एकराचं सोयाबीन फस्त करून जायचा, आणि सकाळी बाबा धुऱ्यावर नुसते उभे राहायचे. इथे तेच पीक जनावरांसाठी मुद्दाम ठेवलेलं. हे पटायला मला दोन हंगाम लागले.

इथली गोष्टच वेगळी आहे. १९२५ च्या सुमारास अख्ख्या मिझुरीत चारशेच्या आतबाहेर हरणं उरली होती. १९३६ मध्ये लोकांनी मतदानानं राज्यघटनेत बदल करून स्वतंत्र संवर्धन आयोग आणला, शिकार बंद ठेवली, हरणं नेऊन सोडली, आणि १९४४ मध्ये पुन्हा पहिला हंगाम उघडला. १९७६ मध्ये लोकांनीच मतदानानं विक्रीकरात भर घालून घेतली. दर आठ डॉलरच्या खरेदीमागे एक सेंट या खात्याला जातो, मग तुम्ही शिकार करा न करा. आज हरणं दहा लाखांच्या वर आहेत. म्हणून ही जमीन आपली आहे असं इथली माणसं म्हणतात तेव्हा ते खरं असतं, आणि तिच्यावर कुणी शेतकरी नफा कमावतो याचा त्यांना राग येतो तोही खोटा नसतो.

आता शिकारीकडे येतो. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन हिरवंगार असतं, पानात भरपूर प्रथिनं असतात. संध्याकाळी वाढत्या शिंगांवर मखमलीसारखी कातडी असलेले नर चार-चार, पाच-पाच एकत्र शेतात उतरतात. नवा माणूस हे दुर्बिणीतून बघतो, त्याच धुऱ्यावर मचाण बांधायचं ठरवतो आणि १५ सप्टेंबरला धनुष्यबाणाचा हंगाम उघडला की जाऊन बसतो. नेमकं त्याच सुमाराला पान पिवळं पडतं. पिवळ्या पानाला हरीण तोंड लावत नाही. त्याच आठवड्यांत पांढऱ्या ओकची फळं गळायला लागतात. ती लाल ओकपेक्षा कमी तुरट, म्हणून हरणं ती आधी शोधतात. शेत ओस पडतं आणि कळप अर्धा मैल आत, ओकखाली. मी पहिला अख्खा सप्टेंबर असा पिवळ्या सोयाबीनकडे बघत घालवला.

मक्याचं उलट. उभा मका म्हणजे हरणाला खाणं आणि लपण दोन्ही एका जागी. २०१९ चा वसंत आठवतो. पाऊस थांबेना, पेरण्या लांबल्या, आणि नोव्हेंबरात बंदुकीचा हंगाम उघडला तेव्हा मी जातो त्या भागात बराच मका अजून उभाच होता. माजाचा काळ, म्हणजे नर दिवसाढवळ्या माद्यांमागे धावायचे दिवस. आम्ही तिघं मित्र तीन बाजूंना बसलो. आतून पानं खसखसल्याचा आवाज येत होता, एकदा शिंगांची टक्करही ऐकू आली, पण दोन दिवसांत बाहेर एक कानसुद्धा दिसला नाही. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधी मळणीयंत्र फिरलं. त्यानंतर मात्र सांडलेल्या दाण्यांवर तीन-चार संध्याकाळी नुसती झुंबड होती. शेतकऱ्यानं नंतर नांगरट केली असती तर तेही संपलं असतं. त्यानं धसकटं तशीच ठेवली, म्हणून हरणं पुढेही येत राहिली.

आणि मग डिसेंबर-जानेवारी. ओकची फळं संपलेली, गवत बर्फाखाली. तेव्हा जो हिस्सा उभा सोडलेला असतो त्याची खरी किंमत कळते. कडाक्याच्या थंडीत सोयाबीनच्या वाळलेल्या शेंगांतलं तेल आणि मक्यातला पिष्टमय भाग यावर हरीण तगतं. धनुष्यबाणाचा हंगाम १५ जानेवारीपर्यंत असतो. माझ्या आजवरच्या निम्म्या शिकारी याच शेवटच्या दिवसांतल्या आहेत, कारण तोवर गर्दी घरी गेलेली असते.

गर्दी हा सरकारी रानातला मोठा मुद्दा आहे. शेत दिसलं की प्रत्येक जण त्याच्या कडेलाच बसतो. हंगामाच्या पहिल्या शनिवारनंतर दोन-तीन दिवसांत हरणांना ते कळतं आणि ती उजेडात शेतात यायचंच थांबवतात. येतात, पण अंधार पडल्यावर, आणि तेव्हा गोळी झाडायला बंदी आहे. म्हणून कडेला बसू नका. शेतापासून शंभर-दोनशे यार्ड आत, दाट झुडपांत किंवा नाल्याच्या उतारावर हरणं अंधार पडायची वाट बघत रेंगाळतात. वारा तुमच्या तोंडावर येईल अशी जागा तिथे शोधा. शेत नकाशावर बघायचं ते हरीण कुठून निघून कुठे जाणार हे कळण्यापुरतंच.

कायद्याचं एक नीट समजून घ्या. उभं पीक, किंवा रीतसर काढणी होऊन सांडलेलं धान्य, याच्याजवळ हरणाची शिकार चालते. बाहेरून धान्य आणून ओतलं तर ते आमिष, आणि तो गुन्हा. यामागे आता आजाराचंही कारण आहे. हरणांचा मेंदू सडवणारी सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) ही व्याधी इथल्या मोकळ्या हरणांत २०१२ मध्ये सापडली. लाळेतून, लघवीतून ती पसरते आणि मातीत वर्षानुवर्षं टिकते. एका ढिगावर दहा हरणांनी तोंड लावणं आणि चाळीस एकरांत विखरून चरणं यात फरक आहे. काही काउंट्यांत (म्हणजे इथल्या जिल्ह्यांत) बंदुकीच्या हंगामाच्या पहिल्या शनिवार-रविवारी मारलेल्या हरणाचा नमुना तपासायला देणं बंधनकारक असतं, ते टाळू नका.

शेतीला माझा विरोध नाही, पण माझी एक तक्रार आहे आणि ती मी खात्याच्या माणसांसमोरही मांडली आहे. मी ज्या क्षेत्रात जातो तिथे एका वर्षी मक्तेदारानं थेट झाडीच्या बुंध्यापर्यंत पेरलं. पूर्वी तिथे वीस-तीस फुटांची झुडपी, तणाची, गवताची पट्टी होती. हरीण मुळात असं झुडूप आणि रुंद पानांचं तणच वर्षभर कुरतडणारं जनावर आहे, मका ही त्याची दोन महिन्यांची चैन. शिवाय पाडसं जन्मतात मे-जूनमध्ये, आणि तेव्हा मका अजून लपण्याइतका वाढलेला नसतो. पाडसाला लपायला उंच गवत लागतं. आजूबाजूच्या खाजगी शिवारात हजारो एकर मका असताना सरकारी चाळीस एकरांत अजून मकाच लावून काय मिळतं? तिथे कमी आहे तो आसरा. दक्षिणेकडच्या ओझार्क डोंगरांत, जिथे मैलोन्मैल नुसतं जंगल आहे, तिथे मात्र पाच एकरांचा छोटा तुकडा सोन्यासारखा. म्हणजे पीक असावं की नसावं हे त्या क्षेत्राच्या आजूबाजूला काय आहे यावर ठरायला हवं, मक्ता किती येतो यावर नको. अशा क्षेत्रांचे आराखडे बदलताना खातं लोकांची मतं मागवतं. शिकारी तक्रारी खूप करतात, पण तिथे लिहून पाठवणारे कमी. तुम्ही पाठवा.

मांस जास्त झालं तर 'शेअर द हार्वेस्ट' म्हणून योजना आहे, १९९२ पासून चालते. खाटीक ते मांस गरजूंच्या अन्नपेढीला पोचवतो. दुसरं हरीण मिळालं तर मी तिथे देतो.

या वर्षी एवढं करा. जुलैत क्षेत्राच्या व्यवस्थापकाला फोन करून कोणत्या शेतात काय पेरलंय आणि कोणता हिस्सा उभा राहणार आहे ते विचारून घ्या, ते सांगतात. सप्टेंबरात गेलात की मचाणाकडे जायच्या आधी सोयाबीनचं पान बघा. पिवळं दिसलं तर तिथे थांबू नका, सरळ ओकच्या झाडीत शिरा.