ऑइल फिल्टर नवा टाकला होता, तरी इंजिन जाम कसं झालं?

फिल्टरच्या आधी आणखी एक जाळी असते, इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या तळाशी. पंप तेल ओढतो ते तिच्यातूनच, आणि सर्व्हिसिंगला तिच्याकडे कुणी बघत नाही. तेल वेळेवर बदललं नाही की डांबरासारखा काळा गाळ तिच्यावर बसतो. चेंबर जोडताना जास्त लावलेल्या सिलिकॉनचे तुकडेही तिथेच अडकतात. फोर्डच्या सुरुवातीच्या १ लिटर इकोबूस्ट इंजिनात तर टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा रबरी पट्टा, तेलातच फिरतो. तो झिजला की रबराचा चुरा थेट जाळीत. मग पंप कोरडा पडतो, प्रेशर उतरतं आणि टर्बो, बेअरिंग जातात. ऑइलचा लाल दिवा क्षणभर जरी लुकलुकला तरी कृपया इंजिन बंद करा, गाडी टो करूनच न्या. चेंबर उतरवून जाळी बघायला सांगा. नुसतं नवं तेल ओतून ती साफ होत नाही.