‘रीसेंटली’ लिहून वेळ मारून नेऊ नका

आपण विचारले आहे की, नुकत्याच घडलेल्या गोष्टीविषयी इंग्रजीत लिहिताना किंवा बोलताना जस्ट, जस्ट नाऊ, रीसेंटली आणि लेटली यांपैकी कोणते क्रियाविशेषण स्वाभाविक वाटते, आणि मुलाखतीत ‘मी नुकतीच पदवी घेतली’ हे कसे सांगावे. मुलाखतीचे आधी सांगून टाकते. ‘आय ग्रॅज्युएटेड लास्ट जून’ असे महिन्यासकट म्हणावे. ‘आय हॅव रीसेंटली ग्रॅज्युएटेड’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, परंतु समोरचा लगेच ‘कधी?’ असे विचारणारच. उरलेल्या प्रश्नावर मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण देवगडच्या एका आंबा पेढीचा इंग्रजी पत्रव्यवहार मी पुष्कळ हंगाम सांभाळला आणि याच एका शब्दावरून तिथे मी सतत वाद घातला.

पेढीच्या मालकांचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू, मुंबईच्या एका कचेरीतून निवृत्त होऊन गावी आले होते. माझे प्रत्येक पत्र जाण्यापूर्वी त्यांच्या नजरेखालून जात असे आणि मी जिथे दिवस किंवा तारीख घातली असेल तिथे ते लाल शाईने रेघ मारून ‘रीसेंटली’ लिहीत. त्यांचे म्हणणे ठरलेले असे : “अगो, तारीख घातलीस की अडकलीस. रीसेंटली लिही, कोणी पकडू शकत नाही.” दुसरे कारण ते असे देत की ‘रीसेंटली’ हा शब्द भारदस्त आहे आणि ‘ऑन मंडे’ लिहिणे म्हणजे किराणा दुकानातली चिठ्ठी लिहिणे होय. ही दोन्ही कारणे मला तेव्हाही मान्य नव्हती आणि आजही मान्य नाहीत.

युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर मे २०१४ मध्ये बंदी घातली होती, कारण तिकडे गेलेल्या मालात फळमाशी सापडली होती. ती बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. त्यानंतर मी इंग्लंडमधल्या जुन्या ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात ‘द बॅन हॅज जस्ट बीन लिफ्टेड’ असे वाक्य होते. बातमी ताजी होती, तिचा परिणाम येऊ घातलेल्या हंगामावर होणार होता आणि वाचणाऱ्याला ताबडतोब काही ठरवायचे होते. अशा ठिकाणी ‘जस्ट’ चपखल बसते. अण्णांनी त्याचे ‘हॅज बीन लिफ्टेड जस्ट नाऊ’ केले. ‘जस्ट नाऊ’ म्हणजे घटकाभरापूर्वी, आणि ते साध्या भूतकाळाबरोबर वाक्याच्या शेवटी शोभते : ‘ही लेफ्ट जस्ट नाऊ’. ‘हॅज’ वापरायचे असेल तर ‘हॅज जस्ट लेफ्ट’ म्हणावे. आठवडे उलटून गेलेल्या सरकारी निर्णयाला ‘जस्ट नाऊ’ जोडले की वाचणाऱ्याला वाटते, निर्णय आज सकाळीच झाला.

खरा खटका एप्रिलमध्ये उडाला. पहिला माल रवाना करताना मी लिहिले होते की फळ सोमवारी झाडावरून उतरवले आणि बुधवारी विमानाने गेले. अण्णांनी दोन्ही वार काढून ‘द फ्रूट हॅज बीन रीसेंटली हार्वेस्टेड’ एवढे एकच वाक्य ठेवले आणि तेच पत्र गेले. हापूस झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी बांधलेल्या काठीने, देठासकट उतरवल्यापासून तयार होईपर्यंत साधारण एक ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे विकत घेणारा माणूस तोडीच्या दिवसापासून दिवस मोजतो. पेटी किती दिवस ठेवायची आणि कधी दुकानात मांडायची, हे त्याला त्यावरूनच ठरवायचे असते. त्या व्यापाऱ्याचे उत्तर त्याच दुपारी आले. त्यात नमस्कार नव्हता, खाली सही नव्हती, फक्त दोन शब्द होते : ‘हाउ रीसेंटली?’ मी वार आणि तारखा कळवल्या, तेव्हा कुठे त्याने पुढच्या पेट्यांची मागणी नोंदवली. अण्णा म्हणाले की तो माणूसच संशयी आहे. माझे म्हणणे असे की, ज्याला माल उतरवून घ्यायचा आहे त्याने तारीख विचारणे यात संशय कसला?

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, क्रियाविशेषण निवडण्यापूर्वी वाचणाऱ्याला नेमका दिवस हवा आहे का, हे पाहावे. हवा असेल तर दिवस लिहावा, साधा भूतकाळ वापरावा आणि क्रियाविशेषण गाळावे. दिवस लिहून वर ‘हॅव’ लावू नये. ‘आय हॅव सेंट इट यस्टरडे’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास लिहिले जाते, पण इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्या कानाला ते खटकते.

दिवस महत्त्वाचा नसेल तेव्हा ‘रीसेंटली’ अवश्य वापरावे. त्याचा आवाका काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत सहज जातो आणि ते साध्या भूतकाळाबरोबर तसेच पूर्ण वर्तमानकाळाबरोबरही चालते. मात्र ते शिळे होते. सिंधुदुर्गात चिपी येथील विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला; निवास-न्याहारीच्या माहितीपत्रकात ‘द रीसेंटली ओपन्ड एअरपोर्ट’ हे २०२२ मध्ये योग्य होते, आज ते वाचणाऱ्याची दिशाभूल करते. वर्ष लिहिले असते तर मजकूर कधीच बदलावा लागला नसता.

‘लेटली’ वेगळे आहे आणि इथे पुष्कळांची गल्लत होते. अलीकडे चालू असलेल्या किंवा पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टीला ते लावावे : ‘इट हॅज बीन रेनिंग अ लॉट लेटली’. एकदाच घडलेल्या गोष्टीला, उदाहरणार्थ नवी होडी घेतली याला, ‘लेटली’ शोभत नाही. चार दिवसांपूर्वीची गोष्ट सहज बोलण्यात सांगायची असेल तर ‘द अदर डे’ हा प्रयोग फार सुंदर आहे आणि आपल्याकडे तो जवळजवळ कोणीच करत नाही. ‘फ्रेशली’ वेळेपेक्षा वस्तूची अवस्था सांगते, म्हणून ‘फ्रेशली कॉट फिश’ म्हणावे, ‘रीसेंटली कॉट फिश’ म्हटले तर गिऱ्हाईक मासळी परतच करील. ‘ऑलरेडी’ जपून वापरावे. ते नुकतेपणा सांगत नाही, अपेक्षेपेक्षा आधी झाले असे सांगते, आणि ‘आय हॅव ऑलरेडी सेंट इट’ हे पत्रात पुष्कळदा दटावल्यासारखे वाटते. ग्राहकाला ‘आय सेंट इट धिस मॉर्निंग’ असे लिहिले तर तीच गोष्ट सौम्यपणे सांगितली जाते.

अमेरिकी इंग्रजीत ‘ही जस्ट लेफ्ट’ असे साध्या भूतकाळात सर्रास म्हणतात, तर ब्रिटिश लेखनात ‘ही हॅज जस्ट लेफ्ट’ ही सवय अधिक आहे. दोन्ही बरोबर आहेत, तेव्हा परीक्षेत किंवा कार्यालयात कोणती पद्धत चालते ते पाहून घ्यावे. शिवाय मी व्यापारी पत्रे लिहीत आले, त्यामुळे तारखेचा माझा आग्रह ललित लेखनाला किंवा घरगुती पत्राला तितका लागू नाही. मैत्रिणीला ‘आय रीसेंटली स्टार्टेड लर्निंग स्विमिंग’ लिहिताना वार सांगायची काहीच गरज नाही. अण्णांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की तारीख खरोखरच माहीत नसेल तर ‘रीसेंटली’ हाच प्रामाणिक शब्द आहे. आमच्याकडे मात्र तोडीची वही टेबलावरच असे, बागेनुसार आणि वारानुसार भरलेली, आणि ती उघडून पाहायला अर्धे मिनिटही लागत नसे.